घराला कुलूप आहे

१

आकाराम कंडक्टरांनी गडहिंग्लज डेपोत तीस वर्षं काढली. त्या तीस वर्षांत त्यांनी किती माणसांना घरी जेवायला बोलावलं, त्याला सुमार नव्हता. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "या की एकदा घरला. कवाबी या." आणि माणसं खरंच यायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या बैठ्या घरात दुपारी एक ताट कायम जादा असायचं. बायको होती तोवर तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. ती गेल्यावर उचगावहून स्वयंपाकाला येणाऱ्या धोंडुबाईंनीही दोन भाकरी जास्त थापायचा रिवाज मोडला नाही. मात्र त्या तोंडानं बोलून घेत. "आबा, ह्ये घर हाय का यष्टीचं कॅन्टीन?"

क्रांती याच घरातली एकुलती एक पोर. समाजशास्त्र शिकायला एडिंबराला गेली. तिथं चार वर्षांत शेजारच्या दारातून तिला एकदाही चहाला हाक आली नाही, तेव्हा कुठं तिला आबांच्या त्या वाक्याची थोरवी कळली. गेल्या वर्षी आबांची बायपास झाली. ती तिनं फोनच्या पडद्यावर पाहिली. नळ्या लावलेला बाप एका चौकोनात, आणि आपण हातभर अंतरावर असल्यासारख्या, पण कुठंच नाही. त्या रात्री तिनं ठरवलं की परत जायचं. या माणसाला पुन्हा एकटं सोडायचं नाही. शिक्षणाचा उपयोग करायचा तर आपल्या मातीत करायचा.

परत येऊन तीन महिने झाले होते. उचगावात कामगारांच्या पोरांसाठी अभ्यासिका उभी राहत होती. सकाळी नऊला ती जायची, तीनला यायची. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तिला आबांच्या चपलांचा आवाज यायचा, कर्र कर्र. चपला त्यांनी मुद्दाम तशा करून घेतलेल्या. "माणूस पोचायच्या आधी त्येची वर्दी पोचाय पाहिजे," ते म्हणायचे.

दिवस असे सरळ चालले होते. मग फेब्रुवारीत आबा म्हणाले, "एवढं काळीज उघडून बघितलं डॉक्टरांनी, आता मला समुद्र तरी नीट बघू दे."

२

फोंड्याचा घाट उतरून ते आडवेळला गेले. क्रांतीला एका मैत्रिणीनं हे नाव सांगितलं होतं. तिथं गर्दी नाही, हॉटेलं नाहीत, नुसता अर्ध्या चंद्रासारखा पांढरा किनारा, सुरू आणि केवड्याची रांग, आणि टोकाला काळा कातळ.

राहायची सोय नृसिंहभाऊंच्या घरी होती. माणूस अगत्याचा, पण गावाची एक रीत विचित्र. किनाऱ्यावरून परतताना केवड्याच्या रांगेशी थांबायचं, पाण्याकडं तोंड करायचं आणि म्हणायचं, "घराक कुलूप आसा." नुसतं म्हणायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. कोळणी म्हणत. शाळेतली पोरं म्हणत. डोक्यावर हेल्मेट घातलेला बँकेचा साहेबसुद्धा म्हणाला.

"का म्हणायचं पण?" क्रांतीनं विचारलं.

"आमी म्हणतो," नृसिंहभाऊ म्हणाले.

"त्याला काही कारण?"

"ताई, तुमी सिग्नलला थांबता ना? गाडी येताना दिसली तरच थांबता काय?"

आबा खळखळून हसले. "बरोबर जिरवली हिची पावण्यांनी! परदेशात शिकून आलीया."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई दिसली. काळ्या कातळावर, पाण्याकडं पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन, अनवाणी बसलेली. हिरवं जुनेर, डोक्यावरून पुढं ओढलेला पदर. तिच्या अगदी जवळून जाळं ओढणारी माणसं गेली. एकानंही मान वळवली नाही. एक पोर त्या बाजूला धावलं, तर आईनं हात धरून ओढलं आणि काही न बोलता लांबचा वळसा घेतला.

"ती कोण?" क्रांतीनं विचारलं.

"कोण?" नृसिंहभाऊ म्हणाले. त्यांनी तिकडं बघितलंच नाही. आणि न बघता म्हणाले, यातच क्रांतीला सगळं कळलं असं वाटलं. तिनं बहिष्कारावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला होता. अख्खं गाव एका माणसाला न बघण्याचं कसं ठरवतं, त्याला देवाधर्माचं कसं कोंदण देतं, हे तिला पाठ होतं. विधवा असेल, परजातीत गेलेली असेल. आणि ते कुलूपही त्यातलंच. दार बंद ठेवण्याचा गावानं मिळून केलेला मंत्र.

ती सरळ कातळावर गेली.

"मावशी, ऊन लागत नाही का इथं?"

"हं," बाई म्हणाली.

"जेवलात का?"

बाईनं पदर आणखी पुढं ओढला. लुगड्याचा काठ वाळून कडक झाला होता आणि त्याच्या कडेनं पांढरी रेघ उमटली होती, मीठ वाळल्यावर उमटते तशी. किती दिवस ही बाई अशी भिजते आणि वाळते आहे? क्रांतीनं वाकून तिच्या हातावर हात ठेवला आणि आतून आलं ते बोलली. ती आकाराम कंडक्टरची पोर होती, तिला दुसरं काय सुचणार?

"मावशी, आमच्या घरी या एकदा. कोल्हापूरला. कधीही या. जेवल्याशिवाय सोडायची नाही तुम्हाला."

बाईनं मान वर केली. "हं," म्हणाली.

परत निघताना केवड्याशी नृसिंहभाऊ थांबले. "म्हणा."

"घराला कुलूप हाय म्हणू?" आबांनी कानाला हात लावले. "पावणं, आमच्या घराला उभ्या जन्मात कुलूप लागलं न्हाय. आत्ताबी धोंडुबाई हाय की."

क्रांतीनंही म्हटलं नाही, तत्त्वासाठी. नृसिंहभाऊंनी दोघांकडं बघितलं आणि गाडीत सामान ठेवायला मदत केली.

घाट चढताना क्रांतीला वाटलं, त्या बाईचा चेहरा आठवावा. पदर आठवला, काठ आठवला. पदराच्या आतलं काही आठवेना.

३

पुढच्या गुरुवारी ती अभ्यासिकेतून आली तर ओट्याशी धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मोरीत दोन ताटं.

"तुझी पावणी येऊन गेली बग!" आबा खुशीत होते. "ती किनाऱ्यावरची. बराब्बर जेवायच्या टायमाला. तांबडा रस्सा वाढला, दोन भाकरी खाल्ल्या. बोलत न्हाय जास्त. नुसतं हं म्हनती. पण ऐकून घेती लई. तुझ्या आईसारखी."

"कशी आली ती?"

"आली असंल यष्टीनं. आडवेळास्नं का गाडी न्हाय?"

"पत्ता कुणी दिला तिला?"

आबा थांबले. "तूच बोलावलंस म्हनं की."

बोलावलं होतं. पण पत्ता दिला नव्हता. नावसुद्धा सांगितलं नव्हतं. क्रांतीच्या डोक्यात पहिला संशय नृसिंहभाऊंवर गेला. त्यांच्या वहीत आधारकार्डाची प्रत होती, त्यावर घराचा पत्ता. दुपारी घरी एकटा असणारा म्हातारा, उघडं दार, हृदयाचं दुखणं, आणि जेवायला येणारी मुकी बाई. हे सगळं जुळवून कुणी पाठवत असेल तर? तिनं कपाट तपासलं. आईच्या पाटल्या जागेवर होत्या. काही हललं नव्हतं.

"धोंडुबाई, तुम्ही पाहिली ती बाई?"

"म्या अकराला जाती. आज डबा इसरला म्हनून फिरून आले." धोंडुबाईंनी हनुवटीनं मोरीकडं दाखवलं. "ते पलीकडचं ताट म्या धुनार न्हाय, आधीच सांगती."

"का?"

"बगा की तुमीच."

आबांच्या ताटात रश्शाचा लाल ओघळ होता, कांद्याची फोड होती. दुसरं ताट कोरडं होतं, आणि त्यावर काठापासून मधल्या खळग्यापर्यंत पांढरा पातळ थर चढला होता. क्रांतीनं बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

जेवणघरात, भिंतीकडच्या पाटाखाली, फरशीवर एक डाग वाळला होता. मधे काही नाही, कडेला पांढरी रेघ. बसलेल्या माणसाएवढा.

४

तिनं दारावर कॅमेरा बसवला. आबा म्हणाले, "आता पावण्यांचा फोटो काढून आत घ्यायचं व्हय?" पण बसवू दिला.

त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरांकडं त्यांची स्मरणशक्ती तपासून घेतली. आबांनी वार, तारीख, वजाबाक्या सगळं बिनचूक सांगितलं आणि डॉक्टरांनाही जेवायला बोलावलं.

दुसऱ्या गुरुवारी क्रांती मुद्दाम लवकर निघणार होती. पण अभ्यासिकेच्या छपराचे पत्रे आले, उतरवून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. घरी पोचली तेव्हा पुन्हा दोन ताटं. तिनं फोनवर चित्रण लावलं.

बारा वाजून चाळीस मिनिटं. दार आतून उघडतं. आबा बाहेर येतात, हात जोडतात. त्यांच्या तोंडावर तेच हसू, गाडीतल्या माणसांसाठीचं. समोर कुणी नाही. नुसत्या पायऱ्या आणि ऊन. आबा बाजूला होतात, एका माणसाला आत जाता येईल एवढेच. खाली बघून म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, पाय पुसाय नकोत. या तशाच." दार लागतं.

एवढंच. क्रांतीनं ते अकरा वेळा पाहिलं. दर वेळी दार लागण्याआधी पायपुसण्याचा कोपरा दबल्यासारखा वाटायचा आणि सावकाश वर यायचा. वारा असेल. उन्हानं चित्र हलत असेल.

तिला हायसं वाटलं, आणि तेवढंच रडू आलं. म्हणजे बाई नाहीच. म्हणजे आबा एकटे आहेत. आई गेल्यापासूनच्या एकटेपणानं आणि भुलीच्या औषधांनी त्यांना कुणीतरी ऐकणारं दिलं आहे, आणि ते दोन ताटं वाढून घेतात. ती इथं असूनही इथं नव्हती. मीठसुद्धा तेच सांडत असतील.

"आबा," ती त्यांच्या शेजारी बसली, "पुढच्या गुरुवारी मी घरीच राहते. तुमची पावणी मला भेटू दे."

"भेट की. पण ती जेवाय न्हाय थांबायची फार. मला न्यायला येनार हाय."

"कुठं न्यायला?"

"तिच्या घरला. दोनदा जेवून गेली, आता आमी न्हाय जायचं? बोलावल्यावर न जानं बरं न्हवं, क्रांते. माणसाचा मान मोडतो." त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. कंडक्टरची जुनी खाकी पिशवी भरून ठेवली होती. वर टॉवेल होता, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट नव्हतं.

"गोळ्या कुठं आहेत तुमच्या?"

"तिकडं लागनार न्हाईत म्हनली."

"हं शिवाय काही बोलत नाही ना ती?"

आबा विचारात पडले. खरोखर आठवू लागले. "व्हय की गं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं नृसिंहभाऊंना फोन केला. भांडायचंच ठरवून. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "किती वेळा जेवली?"

"जेवली नाही. कुणी नाहीच आहे. वडिलांना भास—"

"किती वेळा, ताई?"

"दोनदा."

पलीकडं समुद्राची गाज ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "तिसऱ्यांदा दार उघडू नकात. भायेरून कुलूप घाला, तुमी दोघां आत रवा. हाक मारली की म्हणा, तिथं म्हणूक नाय तां. कोणाचोय आवाज असू दे."

तिनं रागानं फोन ठेवला. रात्रभर राग पुरला. सकाळी एक वेगळाच विचार आला. आबांच्या डोक्यात जी गोष्ट आहे, तिला त्या गोष्टीच्याच रीतीनं शेवट दिला तर? तपासण्या त्यांना पटणार नाहीत, पण दाराला लागलेलं कुलूप पटेल. तिचा विश्वास नव्हता. विश्वासाची गरजही नव्हती. बाप हातात राहिला पाहिजे, एवढंच होतं.

५

गुरुवारी बाराला तिनं सगळे पडदे ओढले. आबा न्हाऊन, तिनं इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून तयार होते.

"आबा, आज तुम्ही बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. माझ्यासाठी."

"पावणी यायची आणि घरात दही न्हाय," आबा कुरकुरले.

"बसा म्हटलं ना."

"बरं बाई. परदेशातली हेडमास्तरीन."

कुलूप सापडेना. या घराला कुलूप लागलंच कधी होतं? माळ्यावर आईच्या ट्रंकेत एक पितळी कुलूप मिळालं, किल्ली गंजलेली. तेल घालून फिरवेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती मागच्या दारानं बाहेर पडली, बोळातून पुढं आली आणि पुढच्या दाराला कडी घालून कुलूप लावलं. दाराबाहेर आबांच्या चपला दिसल्या नाहीत. आत ठेवल्या असतील. गेला महिनाभर ती त्यांच्या मागं लागली होती, चपला चोरीला जातील म्हणून.

बोळातून परत येऊन तिनं मागच्या दाराला आतून अडसर घातला. बाहेरच्या खोलीत जवळजवळ अंधार होता. आरामखुर्ची दाराकडं तोंड करून होती. खुर्चीच्या पाठीवर डोक्यापर्यंत ओढलेली शाल दिसत होती.

"बसलात? थंडी वाजते का?"

"हं."

ती शेजारच्या स्टुलावर बसली. शालीवर हात ठेवला. शाल ओलसर लागली. आत्ताच न्हालेत, नीट पुसलं नसेल. बोटं थंड पडतात असं डॉक्टर म्हणालेच होते. तिनं हात तिथंच ठेवला.

बारा चाळीसला दार वाजलं.

"क्रांते! अगं, दार उघड की. ह्ये कुलूप कुनी लावलं?"

आवाज आबांचा होता. अगदी आबांचा, शेवटचा शब्द वर ओढणारा. क्रांतीनं शालीवरचा हात घट्ट केला. कॅमेरा बघावा असं मनात आलं, पण ते रिकामं ऊन तिला आता बघवणार नव्हतं.

"घराला कुलूप आहे," ती म्हणाली. आवाज चिरकला.

बाहेर हसू आलं. "आतनं बोलतीयास आनि कुलूप हाय म्हनतीयास? खुळी का काय? हात भरल्यात माझं."

"घराला कुलूप आहे."

"क्रांती." आता हसू नव्हतं. "असं का करतीयास पोरी?"

कोणाचाही आवाज असू दे. ती उभी राहिली, डोळे मिटले, आणि सगळा जोर लावून ओरडली, "घराला कुलूप आहे! इथं कुणी नाही! जा!"

उंबऱ्याशी डबा टेकल्याचा आवाज आला. मग बाहेरून, हळू, तिनं कधीच न ऐकलेल्या पडेल आवाजात, "बरं. कुनाच्या दारात असं ऐकायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती, बाळा. मग मी त्या पावणीकडंच जातो. तिनं तरी बोलावलंय."

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

कर्र. कर्र. कर्र.

क्रांती ऐकत राहिली. ती बाई अनवाणी होती. कातळावर तिचे पाय उघडे होते, हे तिला लख्ख आठवलं. खिशातला फोन तिनं कसा काढला आणि कसा उघडला, तिला कळलं नाही. पडद्यावर पायऱ्या होत्या, ऊन होतं, आणि पांढऱ्या सदऱ्यातला, खांद्याला खाकी पिशवी अडकवलेला तिचा बाप होता. उंबऱ्याशी दह्याचा छोटा स्टीलचा डबा ठेवलेला होता. आबा गल्लीच्या तोंडाकडं चालले होते. मागं न बघता.

"आबा!" ती किंचाळली. दार ओढलं. दार बाहेरून कुलूपबंद होतं. किल्ली तिच्या मुठीत होती. गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली, आणि पडद्यावर ते कोपऱ्याला वळले.

मागचं दार राहिलं होतं. अडसर काढायचा, बोळातून धावायचं. कोपऱ्यावर अजून गाठता आले असते. पण मागच्या दाराकडं जायचं तर खोली ओलांडावी लागणार होती.

पायाच्या अंगठ्याला गार लागलं. खुर्चीखालून पाण्याची एक बारीक धार फरशीवरून आली होती आणि तिच्या पावलाशी थांबली होती. कडेनं ती वाळू लागली होती.

क्रांतीनं अजून मागं वळून पाहिलं नव्हतं.

"मावशी," ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "मला जाऊ दे. माझे वडील..."

आरामखुर्चीचा वेत करकरला. कुणीतरी उठत होतं.

"हं."